पाण्याची गोळी

उस्तादांना कुणी काही सांगितलं की ते आधी 'नाही' म्हणायचे आणि मग काय सांगितलं ते ऐकायचे. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी रफूवालीला या 'नाही'ची सवय झाली नव्हती, कारण तीही काही मेणाची बाहुली नव्हती. एका छपराखाली दोन हट्टी माणसं राहिली की जे होतं ते त्यांच्याकडे रोज होई. कपाटाची दारं जरा जोरात लागत, कप जरा जोरात आपटत, आणि झोपण्याआधी दोघांपैकी कुणीतरी एक 'बरं बाई' किंवा 'बरं बाबा' म्हणून दिवा मालवत असे. 'बरं बाबा' हेच जास्त वेळा ऐकू येई. 'बरं बाई' तिने आयुष्यात फार तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं ऐकलं असेल, आणि ते प्रत्येक वेळचं तिच्या लक्षात होतं.

उस्ताद बंदरावर क्रेन चालवत. जहाजातला माल धक्क्यावर ठेवायचा आणि धक्क्यावरचा जहाजात, एवढंच काम. पण ते इतक्या उंचावरून की खालची माणसं काडेपेटीतल्या काड्यांएवढी दिसत. लोखंडी शिडीने चढायचं, काचेच्या केबिनमध्ये बसायचं, दोन हातांत दोन दांडे धरायचे आणि पाळी संपेपर्यंत तिथेच राहायचं. काचसामानाची पेटी ते अशी टेकवत की शेजारी उभ्या माणसाला आवाजही येत नसे. म्हणून ते उस्ताद. खाली उभं राहून हातवारे करत, शिट्टी वाजवत त्यांना 'घ्या', 'सोडा', 'थांबा' सांगणारा माणूस म्हणजे रफूवालीचा धाकटा भाऊ. सगळं बंदर त्याला शिट्टी म्हणे, आणि शेवटी सख्खी बहीणही तेच म्हणू लागली.

त्या केबिनमध्ये पंखा होता, हीटर होता, फोन होता. संडास नव्हता. एकदा खाली उतरून पुन्हा वर जायचं तर सगळं काम थांबणार, जहाजवाले ओरडणार, मुकादम घड्याळाकडे बघणार. म्हणून क्रेनवाले पाणीच पीत नसत. तरुण पोरं वर रिकामी बाटली नेत, आणि ती भरली की बादलीत घालून दोराने खाली सोडत. उस्तादांना त्याची किळस होती. शेजारच्या क्रेनवरच्या एका पोराचं त्यांनी बाटलीबहाद्दर असं नावच पाडलं होतं आणि ते त्याला कायमचं चिकटलं. स्वतः उस्ताद सकाळी उठल्यापासून कामावरून घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत. ओठ सुकले की जिभेने ओले करायचे, बस. याचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर रफूवालीलाही थोडा होता.

तिचं काम अगदी उलट, जमिनीवरचं आणि सुईच्या टोकाएवढं. एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत दिव्याखाली बसून ती लोकांच्या कोटांची भोकं बुजवायची. कसरीने खाल्लेली, सिगारेटने जाळलेली, खिळ्याला अडकून फाटलेली. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागा काढायचा आणि त्यानेच भोक विणून टाकायचं. दिसली ती रफू नव्हे, असं ती म्हणे. कुणाला कळू न देता दुरुस्त करणं हा तिचा धंदाच होता, आणि माणसाचा धंदा त्याच्या स्वभावात उतरतोच.

वर्षाच्या तपासणीत कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी उस्तादांच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला, पुन्हा बघितला. संध्याकाळी उस्तादांनी घरी येऊन गोळ्यांची पट्टी टेबलावर भिरकावली.

"प्रेशर वाढलंय म्हणे. आणि त्यावर गोळी कसली, तर लघवीची! अंगातलं जादा पाणी काढून टाकते. अगं, आधी अंगात पाणी असायला हवं ना!" आणि स्वतःच्याच विनोदावर ते मनसोक्त हसले.

"मग घ्या की," रफूवाली म्हणाली.

"नाही."

"अहो, सोपी गोष्ट आहे. एक गोळी."

"सोपी तुला. मी काय वर बसून बाटल्या भरू? त्या बाटलीबहाद्दराच्या पंगतीला बसू? काही महिन्यांनी निवृत्त होतोय. ताठ मानेनं चढलो, ताठ मानेनं उतरणार."

"तुमचे वडीलही असंच म्हणायचे."

"वडिलांचं नाव काढू नकोस."

पण काढायलाच हवं होतं. सासरे नाश्त्याला बसले असताना त्यांच्या हातातला चमचा गळून पडला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि त्यानंतर ते कितीतरी वर्षं अंथरुणात पडून होते. त्यांना भरवायची, पुसायची, कुशीवर वळवायची ती हीच. प्रेशर म्हणजे काय ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आणि वर असताना काही झालं तर?" तिचा आवाज चढला. "तिथून तुम्हाला खाली कोण आणणार?"

"क्रेन आहे की," उस्ताद म्हणाले, आणि पट्टी उचलून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

त्या दिवशी 'बरं बाबा' तिनेच म्हटलं. पण भांडी घासताना तिने डबा उघडला, बटाट्याच्या सालांमधून पट्टी काढली आणि फडक्याने पुसून आपल्या सुयांच्या पेटीत ठेवली.

हट्टी माणसाला सुधारायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे त्याला पटवणं, आणि दुसरा म्हणजे त्याला न विचारणं. पहिला तिने जन्मभर करून पाहिला होता. उस्ताद कामावरून आले की उभ्या उभ्या एक मोठा कप काळी कडू कॉफी घेत, साखर-दूध काही नाही. गोळी दोन चमच्यांमध्ये दाबली की तिचं पीठ होई, आणि ते त्या काळ्या कॉफीत कुठे गेलं हे तिला स्वतःलाही दिसत नसे. कामाच्या वेळी त्रास नको म्हणून तिने संध्याकाळ निवडली. आपल्या या हुशारीवर ती खूश होती.

"कॉफी आज जास्तच कडू लागतेय," पहिल्या दिवशी उस्ताद म्हणाले.

"नवा डबा फोडलाय."

"जुना बरा होता." आणि कप रिकामा केला.

पट्टी संपली तेव्हा ती नाक्यावरच्या औषधवाल्याकडे गेली. त्याने दुसरी पट्टी देताना सवयीने पाठ म्हणून दाखवलं: सकाळी घ्या, पाणी पोटात जाऊ द्या, डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं मधूनमधून रक्त तपासून घ्या, अशक्तपणा वाटला तर लगेच दाखवा. तिने मान डोलावली. रक्त तपासायचं तर उस्तादांना सांगावं लागणार, आणि सांगायचं असतं तर एवढा उद्योग कशाला केला असता? राहता राहिलं पाणी. पाण्याचं तिच्या डोक्यातही आलं नाही. उस्ताद पाणी पीत नाहीत ही गोष्ट तिला इतकी वर्षं माहीत होती की ती आता भिंतीसारखी झाली होती, आणि रोजची भिंत कोण निरखून बघतं?

संध्याकाळी न्हाणीघराचं दार वाजलं की तिला मनातून बरं वाटे. एकदा वाजलं, गोळी लागू पडली. पुन्हा वाजलं, छान लागू पडली. कोट रफू करताना ती गाणं गुणगुणायला लागली तेव्हा लाँड्रीचा मालक म्हणाला, "काय बाई, लॉटरी लागली की काय?" ती म्हणाली, "तसंच समजा."

काही आठवड्यांनी उस्ताद जरा मवाळ झाल्यासारखे वाटले. सुट्टीच्या दिवशी शिट्टी जेवायला आला होता. तो दाजींकडे बघून सारखा गालातल्या गालात हसत होता.

"ताई, दाजी शहाणे झालेत हं हल्ली," तो म्हणाला.

"गप बस, मेव्हण्या," उस्ताद गुरगुरले.

"नाही, मी कुठे काय बोललो? बहिणीच्या नवऱ्याचा मान ठेवावा म्हणतात. मी ठेवतोच. पण हल्ली जरा फारच ठेवावा लागतोय, एवढंच."

"तू जेवतोस की उठतोस?"

रफूवालीला वाटलं, दोघांनी कुठेतरी बसून बिअर प्यायली असेल आणि बिल शिट्टीच्या गळ्यात पडलं असेल. तीही हसली. तिला वाटलं, आपल्याकडेही एक गुपित आहे म्हणावं. त्या टेबलाशी तिघं बसली होती आणि तिघांचं आपलं अळीमिळी गुपचिळी चाललं होतं. कुणीतरी एकाने तोंड उघडलं असतं तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती. पण कुणी उघडलं नाही, आणि जेवण हसतखेळत पार पडलं.

मग उस्ताद तब्येतीने उतरायला लागले. आधी पायांत गोळे येऊ लागले. झोपेत ते पोटरी धरून उठून बसत. मग थकवा आला. मग एकदा त्यांनी घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. एकदा तीच गोष्ट लागोपाठ दोनदा सांगितली, त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी हसून. एकदा बूट हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले, जणू या वस्तूचं काय करतात तेच आठवेना. सासऱ्यांचंही असंच काहीसं सुरू झालं होतं, असं रफूवालीला वाटू लागलं. घाबरलेल्या माणसाला आठवणीसुद्धा हव्या तशा सापडतात.

प्रेशर चढतंय, गोळी पुरत नाही. तिने असा हिशेब केला. तिने जेवणातलं मीठ बंद केलं, आणि कॉफीत एकाऐवजी दोन गोळ्या घालू लागली.

अळणी सूप उस्तादांनी निमूटपणे प्यायलं. अळणी बटाटे खाल्ले. ज्या माणसाने एकदा मीठ कमी पडलं म्हणून ताटावरून उठून जायची धमकी दिली होती, तो चकार शब्द बोलला नाही. तिथेच तिने घाबरायला हवं होतं. पण तिला वाटलं, वयाने का होईना, माणूस ऐकायला लागला.

"अहो, डॉक्टरांकडे जाऊ या का?" ती शेवटी म्हणाली.

"नाही," उस्ताद म्हणाले. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "काय म्हणालीस?"

ते कोसळले त्या सकाळी ती एका करड्या कोटाच्या बाहीवर काम करत होती. लाँड्रीतला फोन वाजला, मालक आत आला आणि म्हणाला, "बाई, तुमचे भाऊ आहेत." फोनवर शिट्टी नीट बोलत नव्हता. मागे भोंगा वाजत होता, माणसं ओरडत होती. सुई कोटात तशीच खोवून ती निघाली.

बंदराच्या फाटकातून धावत ती धक्क्यावर पोचली तेव्हा क्रेनच्या हुकाला लोखंडी नळ्यांचा एक भारा तसाच हवेत लटकत होता. तो थांबला तेव्हा शिट्टीने शिट्ट्या वाजवल्या होत्या, हात हलवले होते, फोन लावला होता. वरून काही उत्तर आलं नाही तेव्हा तो शिडीवरून वर धावला होता. उस्तादांचं डोकं काचेला टेकलं होतं आणि सगळं अंग झटके देत होतं. तेवढ्यातही कुणास ठाऊक कसा, त्यांनी दांडा सोडण्याआधी ब्रेक लावला होता. भाऱ्याखाली माणसं होती. त्यांतल्या कुणाला खरचटलंही नाही.

त्या अरुंद शिडीवरून बेशुद्ध माणूस उतरवता येईना. शेवटी शेजारच्या क्रेनला माणसं न्यायचा लोखंडी पिंजरा लावला, त्यात स्ट्रेचर बांधलं आणि उस्तादांना हवेतून खाली आणलं. क्रेन बाटलीबहाद्दर चालवत होता. त्याने पिंजरा इतका हलकेच टेकवला की आवाज आला नाही. वर केबिनमध्ये तो हमसून हमसून रडत होता असं नंतर कुणीतरी तिला सांगितलं. 'क्रेन आहे की,' उस्ताद म्हणाले होते. तो पिंजरा खाली येईपर्यंत तिला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा करून आणायला लावला, कारण पहिल्यावर त्यांचा विश्वास बसेना. मग ते बाहेरच्या बाकापाशी आले. रफूवाली आणि शिट्टी उठून उभे राहिले.

"अंगातलं मीठ फारच खाली गेलंय," डॉक्टर म्हणाले. "मेंदूला सूज आहे. मूत्रपिंडंही कोरडी पडलीत. कसली औषधं चालू आहेत?"

तिने ठरवलं, आता लपवण्यात अर्थ नाही.

"प्रेशरची गोळी. पाण्याची." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "ते घेत नव्हते. मी देत होते. संध्याकाळच्या कॉफीतून. त्यांना माहीत नाही. आधी एक, आणि आता काही दिवस दोन."

शिट्टी तिच्याकडे वळला.

"ताई," तो म्हणाला, "पण ते तर घेत होते."

"काय घेत होते?"

"गोळी. रोज सकाळी, वर चढल्यावर. एकदा त्यांना वर चक्कर आली. पेटी हलली आणि माझ्या डोक्यावरून गेली. खाली उतरले ते थेट माझ्याकडे आले. म्हणाले, तुला काही झालं असतं तर तुझ्या ताईला काय तोंड दाखवलं असतं? तसेच कंपनीच्या दवाखान्यात गेले आणि सिस्टरकडून पट्टी घेऊन आले. त्या दिवसापासून एकही दिवस चुकवली नाही. बाटलीसुद्धा नेत होते, ताई. बादलीतून खाली सोडायचे आणि मी रिकामी करायचो." तो हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. "ताईला सांगितलंस तर तंगडी तोडीन म्हणाले. मी शपथ घेतली होती."

"चक्कर कधी आली?" डॉक्टरांनी विचारलं.

शिट्टीने सांगितलं. ते कॉफीत गोळी पडायला लागल्यानंतरचे दिवस होते. चक्कर प्रेशरची नव्हती. दिवसभर पाण्याचा थेंब न पिणाऱ्या माणसाला तिने संध्याकाळी पाणी काढायची गोळी दिली होती, आणि त्या कोरड्या अंगाने तो सकाळी शिडी चढला होता. मग चक्कर घालवायला त्याने तीच गोळी आणखी घेतली. मग त्याची शुद्ध जाऊ लागली म्हणून तिने आणखी एक वाढवली आणि वर मीठ काढून घेतलं. डॉक्टरांनी हे सगळं जुळवून सांगितलं नाही. त्यांना घाई होती. ते तिने स्वतःच धागा धागा काढून जुळवलं, आणि त्या कामात ती तरबेज होती.

"औषध वाईट नव्हतं," डॉक्टर जाताना म्हणाले. "नीट घेतलं असतं तर त्यांना मानवलं असतं." त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, आपण धीर देतोय.

उस्ताद जगले. पण जे घरी आले ते पूर्ण आले नाहीत. चालायला धरावं लागे, बोलताना शब्द चिकट होत, आणि कालचा दिवस त्यांच्याजवळ राहत नसे. खिडकीशी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. खुर्चीच्या दोन्ही हातांवर त्यांचे पंजे असत आणि ते हळूहळू पुढेमागे हलत, काहीतरी जड पण नाजूक कुठेतरी टेकवत असल्यासारखे. आता हे असंच राहणार, असं सगळ्याच डॉक्टरांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. रफूवालीने लाँड्रीचं काम सोडलं. सासऱ्यांच्या वेळी घेतलेलं रबरी कापड माळ्यावर होतं, ते तिने काढून धुतलं. शिट्टी रोज येई, दाजींना दाढी करून देई, आणि बहिणीच्या डोळ्यांकडे न बघता निघून जाई. दोघांनी एकमेकांना दोष दिला नाही. दिला असता तर कदाचित हलकं वाटलं असतं.

प्रेशर मात्र परत चढलं. नव्या डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली, सकाळी घ्यायची, भरपूर पाण्यासोबत. रफूवालीने ती चमच्यात दाबली नाही. तळहातावर ठेवून उस्तादांच्या समोर धरली.

"ही कसली?" उस्तादांनी विचारलं.

"प्रेशरची गोळी आहे."

तिला वाटलं, आता 'नाही' येईल. ती त्या 'नाही'साठी आसुसली होती. उस्तादांनी गोळीकडे बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, मग दाराकडे. आणि पुढे वाकून ते हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, आमच्या घरी कळू देऊ नका हं."

"अहो, मी आहे. मीच आहे घरची," ती म्हणाली, आणि तिने त्यांचा हात धरला. ते एवढे घाबरले, एवढे ओशाळले, की पोरासारखे रडायला लागले. गोळी खाली पडली आणि दुपारपर्यंत ते शांत झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तसंच दाराकडे बघून म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशीही. मग तिने आपण कोण ते सांगायचं सोडून दिलं.

आता रोज सकाळी ती खुर्चीशी येते, एका हातात गोळी, एका हातात पाण्याचा पेला. उस्ताद दाराकडे बघून घेतात.

"घरी कळू देऊ नका, सिस्टर."

"का बरं?"

"ती जिंकेल ना." ते हळूच हसतात. "फार हट्टी आहे. पण बरोबर तीच होती. मी सांगणार आहे तिला. शेवटच्या दिवशी, खाली उतरलो की. घरी जाणार आणि म्हणणार, बरं बाई."

"छान," ती म्हणते. "मी नाही सांगणार कुणाला."

मग ते गोळी जिभेवर ठेवतात, पेल्यातलं सगळं पाणी पितात आणि रिकामा पेला तिच्या हातात देतात.